गाड्यांच्या गावात गोडाची असेंब्ली लाइन

चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या मागे अडकलेल्या माणसाला शिव्या सुचतात, चॉकलेट सुचत नाही. खरं तर सुचायला हरकत नाही. याच रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी, दाभाड्यांच्या किल्ल्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या इंदुरी गावात कॅडबरीचा कारखाना आहे. रस्त्याच्या एका टोकाला मोटारी बनतात, दुसऱ्या टोकाकडे चॉकलेट बनतं, आणि मधल्या खड्ड्यांवर दोघांचेही ट्रक सारखेच आदळतात.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणची ओळख स्कूटर, रिक्षा, ट्रक आणि मोटारींची. पण देशातल्या गोळ्या-चॉकलेट-मिठाईच्या बाजारात गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे काही घडलं, त्याचा एखादा तरी धागा या पट्ट्यात सापडतोच. आणि त्यात चवीचा वाटा म्हणाल तर थोडा. सुट्ट्या पैशांचा, कराचा, पगाराच्या तारखेचा आणि रिकाम्या खोक्याचा वाटा मोठा.

आधी दूध, मग चॉकलेट

कॅडबरी भारतात आली १९४८ साली, आणि सुरुवातीला बाहेरून आणलेलं चॉकलेट विकायची. चॉकलेटला कोको लागतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मिल्क चॉकलेटवाल्याची झोप मात्र दुधामुळेही उडते. रोज, तेवढंच, आणि चांगलं दूध मिळायला हवं. म्हणून कंपनीने मावळात 'इंदुरी फार्म' नावाची उपकंपनी काढली आणि दूध-उत्पादन वाढवायच्या मागे लागली. पुढे २०१० मध्ये कॅडबरी अमेरिकेच्या क्राफ्टने घेतली, २०१४ मध्ये भारतातल्या कंपनीचं नाव मोंडेलीझ झालं. कामगारांच्या आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून 'कॅडबरी'च आहे. मोंडेलीझ म्हणून पत्ता विचारलात, तर समोरचा आधी तुमच्याकडे बघेल, मग फोनकडे.

२००३ च्या ऑक्टोबरात, ऐन सणाच्या तोंडावर, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला मुंबईत काही चॉकलेटांत अळ्या सापडल्या. कंपनीचं म्हणणं पडलं की दोष कारखान्याचा नसून दुकानांतल्या साठवणुकीचा. वाद व्हायचा तो झाला, विक्री धाडकन खाली आली, अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उतरवावं लागलं. ग्राहकाच्या हातात उरलेला बदल मात्र वेगळाच आहे. त्याआधी चॉकलेटला नुसती चांदीची घडी आणि वर कागद असायचा. २००४ च्या जानेवारीपासून चारही बाजूंनी सीलबंद वेष्टन आलं. आज लहान पोरं दातांनी पाकीट फाडतात, त्याच्या मागे त्या अळ्या आहेत.

मोटार आणि चॉकलेट एकाच पंगतीत

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा चॉकलेट २८ टक्क्यांच्या गटात जाऊन बसलं, म्हणजे थेट मोटारींच्या पंगतीत. शेंगदाण्याची चिक्की १८ टक्क्यांत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात चिक्की ५ वर आणि चॉकलेट १८ वर उतरलं, आणि २०१८ च्या जानेवारीत साखर उकळून केलेल्या गोळ्या १८ वरून १२ वर आल्या. परिणामी पुढची सात-आठ वर्षं लोणावळ्याच्या एकाच दुकानात, एकाच फळीवर, चिक्कीला ५, लिमलेटच्या गोळीला १२ आणि चॉकलेटला १८ टक्के असा कर होता. साखर तीच, गिऱ्हाईक तेच, बिल मात्र तीन रकान्यांचं.

२२ सप्टेंबर २०२५ ला हा घोळ संपला. गोळी, च्युइंगगम, चॉकलेट सगळे ५ टक्क्यांवर आले. त्याच दिवशी छोट्या मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्या २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या. आणि तो दिवस होता घटस्थापनेचा! चाकणच्या गाड्या आणि इंदुरीची चॉकलेटं एकाच मुहूर्तावर स्वस्त झाली; असा योग एखाद्या ज्योतिषालाही जुळवता आला नसता.

मोटार स्वस्त झाली की शोरूमवाला फलक लावतो. एक रुपयाच्या गोळीचं काय करायचं? गोळीवरचा कर १२ वरून ५ झाला, तर हिशेबाने ती ९४ पैशांना मिळायला हवी. सहा पैसे परत कोण देणार आणि कोण घेणार? अशा वेळी किंमत तशीच ठेवून वजन वाढवणं किंवा पाकिटात चार नग जास्त घालणं, एवढाच रस्ता उरतो. गोळीच्या धंद्याचं सगळं दुखणं या सहा पैशांत आहे.

'सुट्टे नाहीत, गोळी घ्या'

३० जून २०११ ला चार आणे कायदेशीररीत्या संपले. आठ आणे आजही कायद्याने चालतात, पण ते भाजीवाल्याला देऊन दाखवा! नाणं नाहीसं झालं की त्या नाण्याची गोळीही नाहीशी होते. चार आण्यांची गोळी गेली, आठ आण्यांची गेली, आणि धंदा एक रुपयाच्या खुंटीला बांधला गेला. गोळीची किंमत वाढवायची तर थेट दुप्पट करावी लागते. साखर, वीज, मजुरी, वेष्टनाचा कागद, सगळं थोडं थोडं वाढतं. गोळीला मात्र थोडं थोडं वाढता येत नाही. मग ती बारीक होते. लहानपणीची गोळी मोठी होती असं ज्यांना वाटतं, त्यांचं सगळंच म्हणणं नॉस्टॅल्जिया नसतं.

दुसरीकडे याच सुट्ट्यांच्या टंचाईने गोळीला पोसलंही. मेडिकलवाला, किराणावाला, टपरीवाला, सगळ्यांच्या गल्ल्याशेजारी बरणी असायची. दोन रुपये परत द्यायचे असले की दोन गोळ्या हातावर. गिऱ्हाईक कुरकुरायचं आणि चघळायचं. ही मागणी कुणी केलेली नव्हती. ती सरकारच्या टांकसाळीने निर्माण केली होती म्हणा ना.

२०१६ मध्ये यूपीआय आलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशात एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले. एमआयडीसीच्या गेटसमोरच्या चहाच्या गाडीवर आता 'अठरा रुपये जमा' असं डब्यातली बाई बोलते आणि बरणीत हात जात नाही. ज्याला खरोखर गोळी हवी त्यालाच ती विकावी लागते. गोळीवाल्यांना हे कधी करावंच लागलं नव्हतं, असं म्हणणं जरा कडक होईल, पण फार चुकीचं नाही.

या नव्या परीक्षेत अव्वल आली ती पल्स. २०१५ मध्ये डीएस ग्रुपने एक रुपयाला कैरीची गोळी काढली आणि तिच्या पोटात तिखट-मिठाची पूड भरली. आठ महिन्यांत १०० कोटींची विक्री झाली. शाळेबाहेर कैरीला तिखट-मीठ लावून विकणाऱ्या आजीबाईंना यात काही नवल वाटलं नसेल. मोठ्या कंपन्यांना मात्र ही युक्ती सुचायला २०१५ साल उजाडावं लागलं.

एका शेठची मोटार, जहाज आणि पान पसंद

नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, रावळगाव आहे. तिथे वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये साखर कारखाना उभा केला, आणि पुढे चाळिसाच्या दशकात साखरेच्या गोळ्याही सुरू झाल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टुटी फ्रुटी. सत्तर-ऐंशीच्या दशकात जन्मलेल्या मराठी माणसाला ही नावं पाढ्यांसारखी पाठ असतात.

सोलापुरात जन्मलेले हे वालचंद शेठ म्हणजे एक प्रकरणच होतं. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनची जहाजं, १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. विमान, जहाज, मोटार आणि पेपरमिंट एकाच माणसाच्या खात्यावर! याच प्रीमियरचा कारखाना पुढे चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्यावर आला. म्हणजे चिंचवडच्या कामगाराने हाताने प्रीमियरचं काम केलं आणि तोंडात रावळगाव धरली, तर तो दोन्हीकडून एकाच घराण्याच्या सावलीत उभा होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावचे सगळे ब्रँड, ट्रेडमार्क आणि पाककृतींसह, रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने घेतले. किंमत २७ कोटी रुपये. कंपनीने कारण दिलं ते सरळ होतं: स्पर्धा वाढली, कच्चा माल, वीज आणि मजुरी महागली, आणि विक्रीची किंमत वाढवायला जागाच नव्हती. पुन्हा तोच एक रुपया. ऐंशी वर्षांच्या आठवणींची किंमत २७ कोटी ऐकून अनेकांनी हळहळ व्यक्त केली. हळहळणाऱ्यांपैकी शेवटची पान पसंद कुणी कधी विकत घेतली होती, हे विचारू नये.

टाकीत साडेचार हजार गोळ्या

हिंजवडीच्या आयटी पार्कपासून जरा पुढे गेलं की कासारसाई-दारुंब्रे इथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना लागतो. गळीत हंगामात काचेच्या इमारतींमधली मंडळी आणि उसाचे ट्रॅक्टर एकाच चौकात एकमेकांना हॉर्न देतात. साखरेचं सरकारही पुण्यातच आहे: शिवाजीनगरला साखर संकुल, त्यात साखर आयुक्तालय, आणि मांजरीला १९७५ मध्ये सुरू झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. महाराष्ट्राने २०२१-२२ च्या हंगामात साधारण १३७ लाख टन साखर काढली आणि उत्तर प्रदेशाला मागे टाकलं.

एवढ्या साखरेच्या गावात गोळीवाल्याला साखरेची काय चिंता? चिंता अशी, की आता साखरेला दुसरं गिऱ्हाईक मिळालंय आणि ते चाकणला तयार होतं. २०१४ च्या सुमाराला पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण जेमतेम दीड टक्का होतं. २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर पोचलं.

पाठकोऱ्या कागदावरचा एक हिशेब पाहा. एक टन उसापासून साधारण १०५ किलो साखर निघते, किंवा रसापासून थेट केलं तर साधारण ७० लिटर इथेनॉल. छोट्या मोटारीची टाकी धरा ३७ लिटरची. त्यात २० टक्के म्हणजे ७.४ लिटर इथेनॉल. त्याला ऊस लागला सुमारे १०६ किलो, म्हणजे ११ किलो साखर. एका गोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास साखर असते. झालं! एकदा टाकी फुल्ल केली की साडेचार हजार गोळ्यांची साखर तुम्ही जाळायला निघालात.

सगळं इथेनॉल उसाचं नसतं, मक्याचंही असतं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि गोळीवाल्याचं खरं दुर्दैव तिथेच सुरू होतं. कारण गोळी म्हणजे अर्ध्याहून जास्त साखर आणि बाकी बहुतेक लिक्विड ग्लुकोज, आणि हे ग्लुकोज बनतं मक्याच्या स्टार्चपासून. धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा हे त्याचं आपलं एक ठिकाण. तिथे मक्यापासून स्टार्च आणि ग्लुकोज काढणारा मोठा कारखाना आहे. इथेनॉलवाल्यांनी मका उचलायला सुरुवात केल्यावर मका इतका कडाडला, की एके काळी मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये आयात करू लागला. गोळीचे दोन्ही हात मोटारीने धरले. यात मोटारवाल्याला मायलेज कमी मिळतंय म्हणून तोही खूश नाही, ही आणखी एक मजा.

साखरेचा भाव मात्र अगदीच मोकाट नाही. कारखान्याने साखर किमान ३१ रुपये किलोने विकायची, असा दर केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरवून दिला. तेव्हापासून कारखानदार तो वाढवून मागतात आणि मिठाईवाले तो तसाच राहो म्हणून मनात प्रार्थना करतात.

आजीची सांडशी, कंपनीचं थर्मामीटर

कारखान्यातली गोळी आणि घरातली वडी यांच्यात फरक आहे तो आचेचा. साखरेचा पाक साधारण ११५ अंशांवर आला की थंड पाण्यात थेंब टाकल्यावर मऊ गोळी वळते, तो आपला गोळीबंद पाक. तोच पुढे १४५-१५० अंशांपर्यंत नेला की पाणी दोन-तीन टक्केच उरतं आणि गार झाल्यावर काचेसारखा कडक, पारदर्शक पदार्थ होतो. हीच लिमलेटची गोळी. मोठे कारखाने हे काम निर्वात भांड्यात करतात, म्हणजे कमी आचेत पाणी निघतं आणि रंग करपत नाही.

पाकात पुन्हा साखरेचे कण धरू नयेत म्हणून कंपनी लिक्विड ग्लुकोज घालते. आई लिंबू पिळते. दोघींचा हेतू एकच. लिंबातल्या आंबटामुळे थोडी साखर फुटते आणि उरलेलीला दाणे धरू देत नाही. हे रसायनशास्त्र आईने कुठल्या कॉलेजात शिकलं होतं, ते विचारून उपयोग नाही. 'पाक बसू नये म्हणून' एवढंच उत्तर मिळतं.

संक्रांतीचा हलवा करताना पाहिलाय का कधी? परातीखाली मंद शेगडी. परातीत खसखस किंवा तीळ. चमच्याने पाक थेंबभर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी सगळे दाणे एकसारखे फिरवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा थेंब. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो, आच चढली की पिवळे पडतात. तासन् तास, कित्येकदा काही दिवस हे चालतं, तेव्हा कुठे दाण्याला काटे फुटतात. त्या हलव्याचे पुढे नव्या सुनेसाठी आणि बाळाच्या बोरन्हाणासाठी दागिने होतात.

आता परात काढून तिथे तिरका फिरणारा तांब्याचा किंवा स्टीलचा ड्रम बसवा. बोटांऐवजी मोटर, चमच्याऐवजी फवारा. आत चणे टाकले तर साखरफुटाणे, बडीशेप टाकली तर जेवणानंतरच्या रंगीत गोळ्या, चॉकलेटचे मणी टाकले तर जेम्स. औषध कंपन्यांनी कडू गोळीला साखरेचा अंगरखा चढवायची विद्या मिठाईवाल्यांकडूनच उचलली. देहू-आळंदीच्या प्रसादाच्या दुकानातला साखरफुटाणा आणि पोराच्या वाढदिवसाच्या केकवरचं जेम्स यांच्यात नातं आहे ते असं चुलत-चुलत.

पावसाळ्यात मात्र सगळ्यांचीच परीक्षा. कडक गोळी हवेतलं पाणी ओढून घेते आणि चिकट होते. मावळातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला कळेल, की या भागात चॉकलेट-गोळीच्या कारखान्याला हवा कोरडी ठेवण्यावर किती वीज जाळावी लागत असेल.

शिफ्ट सुटली, पेढे काढा

पुण्यात दुपारी १ ते ४ दुकान बंद, या विषयावर जेवढे विनोद झाले तेवढे पेढेही विकले गेले नसतील. चितळे बंधूंनी २०१७ च्या जुलैपासून दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ती वर्तमानपत्रांत बातमी झाली. नदीपलीकडे पिंपरी-चिंचवडला या बातमीचं फारसं अप्रूप नव्हतं. तीन शिफ्टच्या गावात दुपारची झोप हा प्रत्येकाचा खाजगी प्रश्न असतो, दुकानाचा नसतो.

इथल्या मिठाईच्या दुकानाचं पंचांगच वेगळं आहे. कायद्याने पगार ७ तारखेच्या आत; हजार किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी २०२५ पर्यंत १० च्या आत चालायचा. त्या तारखांच्या संध्याकाळी काउंटरवर पाव किलोवाले वाढतात. दिवाळीआधी बोनस, किमान ८.३३ टक्के. खंडेनवमी-दसऱ्याला मशिनला झेंडूची माळ आणि बुंदीचं पाकीट. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, जी इथल्या बिहारी आणि ओडिया कामगारांनी आता सगळ्यांच्याच अंगवळणी पाडलीय. आणि सगळ्यांत मोठा, पण तारीख कधीच ठरलेली नसलेला सण म्हणजे वेतनकरार. करारावर सह्या झाल्या की कंपनीच्या गेटवर गुलाल, हलगी आणि पेढे. या पट्ट्यातल्या स्थानिक बातम्यांत 'कामगारांनी पेढे वाटून आनंद साजरा केला' हे वाक्य इतक्या वेळा छापलं गेलंय, की त्याचा ठोकळा तयार ठेवला असावा.

गाडीची डिलिव्हरी हा आणखी एक हमखास ग्राहक. चावी, हार, चाकाखाली लिंबू आणि पेढ्याचा बॉक्स. इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणून लिंबू सुटत नाही आणि पेढाही सुटत नाही.

कंपनीकडून मिळणाऱ्या दिवाळी बॉक्समध्ये सोनपापडीच का असते, यावर दरवर्षी विनोद फिरतात. उत्तर एचआरच्या प्रेमात नाही, टिकण्यात आहे. खव्याची बर्फी चार-पाच दिवसांत जीव सोडते. सोनपापडीत खवा नसतो, ती फ्रिजशिवाय महिनोन् महिने राहते. हजार कामगारांना एकाच दिवशी बॉक्स द्यायचा, त्यातले दोनशे रजेवर, पन्नास रात्रपाळीला, तर दुसरं काय देणार? एका घरातून दुसऱ्या घरात आणि तिथून मामाकडे फिरायला तिला अंगचीच ताकद असते.

बर्फीच्या या अल्पायुष्याची दखल सरकारनेही घेतलीय. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्ट्या मिठाईच्या ट्रेसमोरही 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लिहिणं सक्तीचं केलं होतं. पुढच्या वेळी काउंटरवर उभे राहाल तेव्हा ती पाटी शोधा. आणि काट्यावरही लक्ष ठेवा. मिठाई खोक्यासकट तोलणं वैध मापन कायद्याला मंजूर नाही. जाड पुठ्ठ्याचं किलोचं खोकं सहज ८०-१०० ग्रॅम भरतं. आठशे रुपये किलोच्या काजूकतलीत तो पुठ्ठा तुम्हाला साठ-सत्तर रुपयांना तरी पडला. एवढा महाग पुठ्ठा भोसरीच्या पॅकेजिंगवाल्यालाही कधी विकता आलेला नसेल.

घीयर, ठेकुआ आणि कोरियन आइस्क्रीम

फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात सिंधी निर्वासित वसले आणि त्यांच्याबरोबर त्यांची मिठाईही आली. होळीच्या दिवसांत तिथे घीयर शोधा: जिलबीच्याच कुळातली, पण एक घेतली की अख्खी ताटली भरते. होळी सरली की ती वर्षभरासाठी गायब. चाकण, मोशी, भोसरीकडे छठपूजेला ठेकुआ होतो: कणीक, गूळ आणि तूप, पाकही नाही आणि खवाही नाही, त्यामुळे गावाकडच्या रेल्वेप्रवासातही टिकतो.

तळेगावला कोरियन मंडळींची तर गंमतच. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, आणि त्याच तळेगाव एमआयडीसीत २०२५ च्या फेब्रुवारीत लोट्टेच्या मालकीच्या हॅवमोरचा आइस्क्रीमचा कारखाना सुरू झाला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बारामतीत, इटलीची फेरेरो २०११ पासून किंडर जॉय आणि टिक टॅक बनवतेय. भारतीय जिभेसाठी टिक टॅकची वेलचीची चवसुद्धा काढावी लागली. वेलचीपुढे इटलीनेही हात टेकले.

कोकोने मात्र सगळ्यांनाच घाम फोडला. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे पीक बिघडलं आणि २०२३ च्या सुरुवातीला टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव डिसेंबर २०२४ मध्ये १२,००० डॉलरच्या वर गेला. दहा रुपयांचं चॉकलेट दहालाच राहिलं, बारीक झालं एवढंच. गोळीकडून शिकलेली विद्या!

जत्रेतल्या म्हातारीच्या केसांची तऱ्हा त्याहून न्यारी. साखरेचा तो गुलाबी कापूस यंत्राने काढायची युक्ती १८९७ मध्ये अमेरिकेत ज्या दोघांनी शोधली, त्यांतला एक, विल्यम मॉरिसन, दातांचा डॉक्टर होता. पुढची गिऱ्हाइकं तयार करायची याहून चांगली रीत कुणाला सुचली असेल असं वाटत नाही. गुलाबी रंगाबद्दल मात्र सावध राहा: २०२४ च्या फेब्रुवारीत कापडाला लावायचा ऱ्होडामिन-बी रंग सापडल्यामुळे पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने त्यावर बंदी घातली. चांदीच्या वर्खाचाही नियम आता कडक आहे. वर्ख कुटताना पूर्वी जनावराच्या आतड्याची पानं वापरली जायची. २०१६ च्या नियमाने प्राण्यांपासून आलेला कुठलाही पदार्थ कुठल्याही टप्प्यावर चालत नाही.

साखर वजा, पैसे अधिक

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटी उंबरठ्यावर आहेत. उत्साह मावळायला हा आकडा पुरेसा होता, पण मिठाईवाल्याने त्यातही काउंटर काढलं. खजूर-अंजिराचा रोल, गुळाची चिक्की, 'शुगर फ्री' काजूकतली. आता गुळातही साखरच असते आणि खजुरातही, पण हे दुकानात बोलून दाखवणाऱ्याला कुणी चव बघायला तुकडा देत नाही. आषाढीच्या वाटेवर आकुर्डीच्या मुक्कामी वारकऱ्यांना वाटल्या जाणाऱ्या राजगिऱ्याच्या लाडवांना आणि शेंगदाणा चिक्कीला असलं लेबल कधी लागलं नव्हतं. आज तोच राजगिऱ्याचा लाडू 'मिलेट' म्हणून चकचकीत पाकिटात दुप्पट भावाला दिसतो, आणि शास्त्राप्रमाणे राजगिरा मिलेट नाहीच.

खरोखर साखर काढून केलेल्या गोळ्या-चॉकलेटांत बहुतेक वेळा माल्टिटॉलसारखा पदार्थ असतो. तो गोड लागतो आणि साखरेपेक्षा कमी पचतो. न पचलेला भाग पोटात पाणी ओढतो. त्यामुळे असा पदार्थ दहा टक्के किंवा जास्त असेल तर पाकिटावर 'रेचक परिणाम होऊ शकतो' अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. अक्षर बारीक असतं. तिसऱ्या शिफ्टला, लाइनवर बदली मिळत नसताना, सहकाऱ्याने प्रेमाने पुढे केलेलं शुगर फ्री चॉकलेट दोन तुकड्यांच्या वर खाण्याआधी ते अक्षर जरूर वाचा.